घरात उंदीर पडला

मराठीत पाऊस पडतो, भाव पडतो, रात्र पडते, आणि त्या पडण्यात भयाचे असे कोणास काही वाटत नाही. परंतु ‘घरात उंदीर पडला’ हे वाक्य कानी येताच एके काळी माणसांच्या तोंडचे पाणी पळत असे. आढ्यावरून किंवा माळ्यावरून एखादा उंदीर भरदिवसा खाली यावा, झिंगल्यासारखा झोकांड्या खात जमिनीवर फिरावा आणि माणसांदेखत मरून पडावा, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पण तेवढ्याने चूल विझे, देव्हाऱ्यातील देव संपुष्टात ठेवले जात, दाराला कुलूप लागे आणि कुटुंबच्या कुटुंब गावाबाहेरच्या माळावर झोपडी बांधून राहावयास जाई. प्लेगला आपल्या लोकांनी गाठीचा ताप म्हटले, वैद्यांनी ग्रंथिक सन्निपात म्हटले. परंतु त्याची पहिली वर्दी देणारा उंदीरच, हे शहाण्या-अडाण्या सर्वांस ठाऊक झाले होते.

तो वाक्प्रयोग आता विस्मृतीत गेला. उंदीर मात्र गेला नाही. तो कोठारात आहे, माळ्यावर आहे, देवघरात समईच्या वातीशी आहे; आणि कोंकणीत त्याला हुंदीर म्हटल्याने त्याचे दात काही बोथट झालेले नाहीत. त्याला घराबाहेर कसे घालवावे, हा प्रश्न इतिहासाच्या निबंधास शोभणारा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु १८९६ पासून पुढच्या तीन-चार दशकांत या देशात प्लेगने एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे नेली. आणि त्या संहाराच्या मुळाशी हाच क्षुल्लक दिसणारा प्रश्न होता. त्याच्या उत्तराचा बराचसा भाग आपल्या जुन्या ग्रंथांत आणि लोकांच्या अनुभवात आधीपासूनच होता, ही त्यातील अधिक दुःखाची गोष्ट.

देवस्थानाशी बांधलेल्या आपल्या समाजात हा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. उंदीर हे गजाननाचे वाहन. त्याच्यावर काठी उगारावी कशी? आक्षेप घेणाऱ्याची श्रद्धा खरी असते, म्हणून त्याचे समाधान आधी केले पाहिजे. गणेशपुराणातील कथा अशी की, क्रौंच नावाच्या गंधर्वाचा पाय इंद्राच्या सभेत वामदेव ऋषींना लागला आणि ऋषींच्या शापाने तो मूषक झाला. हा मूषक पराशरांच्या आश्रमात शिरला. त्याने साठवलेले धान्य फस्त केले, वस्त्रे कुरतडली, आश्रमाची धूळधाण केली. तेव्हा पराशरांच्याच आश्रमात वाढत असलेल्या गजाननाने पाश टाकून त्याला बांधले. तो शरण आला आणि मग वाहन झाला. ही कथा नीट लक्षात घेतली तर पराशर ऋषी ‘असू दे बिचारा’ असे म्हणून स्वस्थ बसलेले दिसत नाहीत. उंदीर पाशात सापडतो, वश होतो, आणि त्यानंतरच त्याला देवाच्या पायाशी जागा मिळते. आपल्या मूर्तिकारांनीही हा भाव बरोबर ओळखला आहे. त्यांचा मूषक एखादा मोदक हाती धरून स्वामीच्या नजरेखाली बसतो. मोदकांच्या ताटात त्याला कोणी बसविलेला नाही. राजस्थानात बिकानेरजवळ देशनोक येथे करणीमातेच्या मंदिरात हजारो उंदीर निर्भयपणे वावरतात व त्यांना पूज्य मानतात, हे खरे. परंतु तो त्या स्थानाचा विशेष आहे. घराघरातून पाळावयाचा आचार नव्हे.

याहून स्पष्ट पुरावा कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठ दैवी महाभये सांगितली आहेत: अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशू, सर्प आणि राक्षस. उंदरांची गणना पूर-दुष्काळांच्या पंक्तीस केली आहे, यावरून धान्यावर जगणाऱ्या राज्यास त्यांची धास्ती किती होती हे दिसते. (पुढील ग्रंथकारांनी पिकांच्या ज्या सहा ईती सांगितल्या, त्यांतही अतिवृष्टी-अनावृष्टीच्या मागोमाग मूषक आहेतच.) उपाय सांगताना कौटिल्य म्हणतो की, मांजरे व मुंगूस मोकळे सोडावेत, जो त्यांना पकडील किंवा मारील त्याला बारा पण दंड करावा, आणि जो आपल्या कुत्र्यांना आवरणार नाही त्यालाही तोच दंड. निवडुंगाच्या चिकाने माखलेले धान्य जागोजाग टाकावे. मूषककर बसवावा, म्हणजे लोकांनी नेमाने उंदीर मारून आणून द्यावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. सिद्ध तापसांनी शांतिकर्म करावे. आणि पर्वकाळी उंदरांची पूजा करवावी!

विषप्रयोग आणि पूजा एकाच ठिकाणी वाचून आजचा वाचक चकित होईल. कौटिल्याला त्यात विसंगती वाटली नाही. ज्याचे भय आहे त्याला नमस्कार करावा आणि ज्याच्यामुळे हानी आहे त्याचा बंदोबस्तही करावा, अशी त्या काळच्या माणसाची रोकडी वृत्ती होती. नागपंचमीला नागाची पूजा करणारा शेतकरी नाग घरात शिरला तर त्याला दूध पाजीत बसत नाही, तसेच हे. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात पं. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली १९०९ साली. म्हणजे प्लेगच्या पहिल्या धुमाकुळात ‘उंदीर मारणे आपल्या धर्मात बसत नाही’ असे जे सांगत होते आणि जे ते मुकाट्याने ऐकत होते, त्यांच्यापैकी कोणाच्याही वाचनात कौटिल्याचा हा मजकूर आलेला नव्हता.

कौटिल्य राजाला उपदेश करतो. गृहस्थाला आणि मठाला उपयोगी पडेल अशी गोष्ट पंचतंत्रात आहे. दक्षिण देशी महिलारोप्य नगराजवळ महादेवाचा एक मठ होता. तेथे ताम्रचूड नावाचा संन्यासी भिक्षापात्रात उरलेले अन्न घालून ते खुंटीवर टांगून ठेवी. हिरण्यक नावाचा उंदीर रोज उडी मारून ते खाई व आपल्या परिवारास देई. संन्यासी फाटका बांबू घेऊन रात्रभर पात्रावर आपटीत बसे. त्याची झोप गेली, पण उंदीर काही गेला नाही. पुढे त्याच्याकडे एक पाहुणा आला. त्याने विचारले, याची एवढी उडी कशाच्या बळावर? मग दोघांनी माग काढून बीळ खणले. आत धनाचा साठा निघाला. तो गेल्यावर हिरण्यकाची उडी पात्रापर्यंत पोचेनाशी झाली. कथाकाराला द्रव्याचा महिमा सांगावयाचा होता हे उघड आहे. परंतु उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्याने ती आपल्या अर्थानेही वाचावी. बांबू आपटणे हा उपाय नव्हे. बीळ शोधून त्यातला साठा काढणे हा उपाय होय.

आपल्या जुन्या घरांची रचना पाहिली तर हे तत्त्व कोणी न शिकविताही पाळलेले आढळते. दूध-दुभते शिंक्यावर, भिंतीपासून हातभर दूर. धान्य शेणा-मातीने लिंपलेल्या कणगीत, किंवा घाटावर जमिनीखालच्या पेवात. डाळींना राख चोळलेली. मडक्यांची उतरंड अशी की वरचे मडके खालच्याचे झाकण व्हावे. आणि घरात एक मांजर. ‘मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते’ ही समजूत आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. तिचा संबंध मी कौटिल्याच्या बारा पणांच्या दंडाशी जोडीत नाही, कारण तसा पुरावा नाही. पण दोन्हींच्या मागे धान्याने भरलेले कोठार उभे आहे, एवढे मात्र खास.

उंदीर आणि मरी यांचा संबंधही आपल्याकडे अज्ञात नव्हता. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत १६१८-१९ च्या सुमाराची आग्र्याकडील साथ नोंदली आहे. दरबारातील एका मोठ्या सरदाराच्या कन्येने त्याला सांगितलेली हकीकत अशी: तिच्या अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत फिरत होता. तिने दासीकरवी तो मांजरापुढे टाकविला. मांजराने झडप घातली आणि लगेच किळस आल्यासारखे त्याला टाकून दिले. मग ते मांजरही आजारी झाले. त्यानंतर दासीला ताप भरला व गाठ आली, आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरातील सतरा माणसे मेली. बादशहाने हे आश्चर्य म्हणून लिहिले. त्यामागचे कारण शोधावे असे कोणास वाटले नाही. हिमालयात गढवाल-कुमाऊंकडे महामारीची नोंद १८२३ पासून, तीही केदारनाथाच्या परिसरातून, मिळते. तेथील खेडूत तर घरात उंदीर मेलेले दिसताच गाव सोडून रानात जात. त्यांना जंतू ठाऊक नव्हते, पिसू ठाऊक नव्हती. पण कधी निघावे हे ठाऊक होते.

आता मुंबई. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागातील धान्याच्या वखारींतून मेलेले उंदीर सापडू लागले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला, धान्याच्या गोणींनी आणि दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांनी भरलेला भाग. त्याच सप्टेंबरात तेथे व्यवसाय करणारे डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनी आपल्या रोग्यांवरून हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. हे डॉक्टर गोमंतकाचे, बार्देशातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावास त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या निदानावर आधी पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही, परंतु लवकरच तो ठेवणे भाग पडले. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे येर्सिन याने शोधून काढला होता, आणि त्या शहरातही मेलेल्या उंदरांचा खच त्याने पाहिला होता. म्हणजे धागा हाती होता.

तो धागा सोडून सरकार भलतीकडे गेले. प्लेग घाणीतून, दमट जमिनीतून आणि माणसाच्या संसर्गातून पसरतो, या समजुतीने सर्व शस्त्रे परजण्यात आली. गटारांतून कार्बोलिकाचे लोट सोडले. घरांना चुना फासला, जमिनी उकरल्या, उजेड यावा म्हणून छपरे फोडली, कपडे व अंथरुणे जाळली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली. गटारे अशी ढवळल्याने त्यांतले उंदीर नव्या वस्त्यांत पांगले असतील, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि ते मला पटते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले. माजघरे आणि देवघरेही त्यांनी सोडली नाहीत. त्याचा परिणाम काय झाला तो सर्वांस ठाऊक आहे: २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडविली. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ चालविले. हा सर्व इतिहास आपण राजकारणाच्या अंगाने वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्यातील एक विपरीत गोष्ट नजरेतून निसटते. घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळणाऱ्या त्या शोधपथकांचे लक्ष माणसांवर आणि त्यांच्या गाठोड्यांवर होते. डोक्यावरच्या छपरात बसलेल्या उंदराकडे फारसे कोणी पाहिले नाही.

लोकांचे वागणेही निर्दोष नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. रोगी लपविले गेले. घरात पडलेला उंदीर शेपटीला धरून गल्लीत भिरकावून देणारे होते. उंदीर मारण्याचे पाप नको म्हणून पिंजऱ्यात धरलेला उंदीर दुसऱ्याच्या वाडीत नेऊन सोडणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. आपले पाप वाचविण्यासाठी शेजाऱ्याच्या कणगीला भोक पाडणारा उंदीर त्याच्या दारी पोचविणे, ही कसली अहिंसा, हे मला आजवर उमगलेले नाही.

उंदरापासून माणसापर्यंत रोग पोचतो कसा, हे कोडे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने सोडविले. मुंबईत काम करताना काही रोग्यांच्या अंगावर त्याला चावल्याजागी बारीक फोड दिसले आणि त्याचा संशय पिसवांवर गेला. २ जून १८९८ रोजी कराचीत त्याने एका मोठ्या काचपात्रात पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि त्याच पात्रात जाळीच्या पिंजऱ्यातून एक निरोगी उंदीर टांगला. आजारी उंदीर मेला. त्याच्या थंड पडलेल्या देहावरून पिसवा निघाल्या; काही दिवसांनी दुसरा उंदीरही प्लेगने मेला. एकाने दुसऱ्याला स्पर्श केला नव्हता. इतका सोपा व इतका निर्णायक प्रयोग; पण सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने आपल्या अहवालात पिसवांचे हे मत अग्राह्य ठरविले. सहा-सात वर्षे फुकट गेली. त्या वर्षांत बेळगाव, धारवाड, हुबळीकडची गावेच्या गावे माळावर उतरली होती.

या दुराग्रहाचा शेवट परळच्या प्रयोगशाळेत झाला. कॅप्टन लिस्टन याने मुंबईतील एका चाळीत आधी उंदीर मेले, मग भाडेकऱ्यांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि मग प्लेग आला हा क्रम टिपला, आणि माणसांवर सापडलेल्या पिसवांपैकी पुष्कळ उंदराच्या जातीच्या आहेत हे दाखविले. त्याचा निबंध १९०५ साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात छापला गेला. त्याच वर्षी नव्या संशोधन मंडळाचे काम सुरू झाले.

या मंडळाचे प्रयोग आपल्या वाचकांस विशेष रुचतील, कारण ते आपल्याच घरांच्या प्रतिकृतींत झाले. परळला सहा लहान खोल्या बांधल्या. काहींवर साधी देशी कौले घातली, ज्यांच्या पोकळ्यांत उंदीर सुखाने संसार करतात. काहींवर चपटी मंगळुरी कौले; बासेल मिशनने १८६५ पासून मंगळुरास काढावयास सुरुवात केली तीच ही, कोंकण-गोव्याच्या घराघरांवर चढलेली. त्यांच्यात उंदराला बिऱ्हाड करावयास जागा मिळत नाही. उरलेल्यांवर पत्रे घातले. आत गिनीपिग ठेवून पाहता असे दिसले की, पिसवा नसतील तर रोगी व निरोगी प्राणी कितीही काळ एकत्र राहिले तरी रोग लागत नाही. पिसवा असतील तर वेगळ्या पिंजऱ्यांतही लागतो. आणखी एक प्रयोग तर अगदी घरगुती. प्लेग झालेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग मेले. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. कारण उंदराची पिसू चार इंचांहून उंच उडी मारू शकत नाही. आजीने दुधाचे भांडे जेथे टांगले होते, जवळजवळ तेथेच शास्त्रज्ञांनी गिनीपिग टांगला!

मुंबईत उंदरांच्या दोन जाती नांदतात, हेही या मंडळाने पुढे आणले. गटारांत राहणारा दांडगा तपकिरी उंदीर, आणि छपरावर चढणारा, माणसाच्या सहवासाला सोकावलेला काळसर घरउंदीर. साथ आधी गटारातल्या उंदरांत येई, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. ‘घरात उंदीर पडला’ म्हणजे माणसाच्या हाती दीड-दोन आठवडे उरले, असे हे गणित होते. माळावर पळून जाणाऱ्या लोकांस ‘अडाणी’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शास्त्राला हे गणित कळावयास १९०६ साल उजाडले.

यानंतर मोहिमा निघाल्या त्या उंदीर मारण्याच्या. त्यांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. उंदरीण तीन आठवड्यांत वीते, एका वेळी सहा ते दहा पिले देते, आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात. खाणे आणि आसरा कायम असेल तर मारलेल्यांची जागा पुढच्या मोसमाआधी भरून निघते. फ्रेंचांच्या हनोईत १९०२ साली उंदराच्या शेपटीगणिक बक्षीस लावले, तेव्हा लोकांनी शेपट्या कापून उंदीर सोडून दिले, म्हणजे शेपट्यांचे पीक चालू राहावे! आपल्या मुंबईत रात्री विजेरी आणि काठी घेऊन उंदीर मारणारे महापालिकेचे कामगार आहेत. रात्रीला तीस उंदीर हे त्यांचे ठरलेले काम म्हणून सांगितले जाते. मोठ्या कष्टाचे आणि किळसवाणे काम आहे ते, आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. परंतु बाजाराच्या कडेला रोज रात्री अन्नाचे ढीग पडत राहिले, तर त्यांच्या काठीची गत ताम्रचूडाच्या बांबूसारखीच होणार.

प्लेग ही जुनी गोष्ट झाली, असे मानणाऱ्यांस १९९४ सालाने धडा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक कुटुंबे भयाने घरे सोडून बाहेर राहिली. बंद घरांत धान्य तसेच होते. उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा सुळसुळाट झाला आणि गाठीचा ताप आला. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने पन्नासावर माणसे गेली व लाखो लोक शहर सोडून पळाले. २००२ साली हिमाचलातही एक लहानसा उद्रेक झाला. आता औषधे आहेत, रोग वेळीच ओळखला तर तो बरा होतो. पण कोठार, उंदीर आणि पिसू यांचे नाते जसेच्या तसे आहे. शिवाय कोंकणपट्टीच्या पावसाळ्यात उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात उतरणारा लेप्टोचा ताप आहेच; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो चांगलाच अनुभवला.

तेव्हा घरात काय करावे? या सर्व इतिहासातून माझ्या मते क्रम असा निघतो की, आधी अन्न, मग वाट, मग बीळ, आणि शेवटी उंदीर. धान्य, पोहे, खोबरे, गूळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत; प्लॅस्टिकचा डबा उंदराला भिंत वाटत नाही. रात्री खरकटे सिंकात राहू नये. मग वाटा पाहाव्यात. करंगळीच्या टोकाएवढ्या, म्हणजे पाव इंचाच्या, फटीतून बारीक उंदीर येतो, आणि अर्ध्या इंचातून मोठा. दाराखाली पत्रा, न्हाणीच्या मोरीला जाळी, नळाभोवतीच्या भोकांत सिमेंटबरोबर काचेचा चुरा. छपराला टेकलेली फांदी तोडावी. माळ्यावरची मोडकी खोकी आणि जुन्या पंचांगांचे गठ्ठे काढावेत. ते उंदराचे बाळंतघर असते. एवढे झाल्यावर पिंजरे लावावेत, भिंतीच्या कडेने, एक नव्हे तर चार-पाच एकदम. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन-तीन रात्री पिंजरा उघडाच ठेवून त्यात भज्याचा किंवा भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा खाऊ द्यावा आणि मग चाप लावावा. चिचुंद्री सापडली तर मात्र तिला जाऊ द्यावे. ती उंदराच्या जातीची नव्हेच. ती किडे खाते.

विषाचा मार्ग मला शक्यतो नको वाटतो. जुन्या लोकांचा सोमल आणि अलीकडचा पिवळ्या फॉस्फरसचा लेप, दोन्हींनी उंदरांइतकीच माणसे मारली असतील. फॉस्फरसावर उतारा नाही आणि घरात मुले असतात. शिवाय विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजर मरते, आणि गव्हाणी घुबडही मरते. घुबड हे लक्ष्मीचे वाहन. गणपतीच्या वाहनावर त्याचा उदरनिर्वाह चालतो, ही व्यवस्था देवांचीच असावी. धामणीचेही तसेच. ती विषारी नाही, शेता-परसात ती उंदीर खाऊन असते. आणि आपण ती दिसली की साप म्हणून ठेचतो.

देवळांचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे समईचे तेल, नारळ, अक्षतांचे तांदूळ, नैवेद्य आणि अग्रशाळेतील जेवणावळी यांमुळे उंदराला बारमाही सुकाळ असतो. समईतील तूप चाटता चाटता एका उंदराच्या धक्क्याने वात पुढे सरकली, दीप उजळला, आणि त्या पुण्याने तो पुढच्या जन्मी बळीराजा झाला, अशी तामिळनाडूतील वेदारण्यम् क्षेत्राची आख्यायिका आहे; ती गोड आहे. पण त्या उंदराचे वंशज आपल्या कोठीतील तांदळाच्या पोत्यांत असतील तर तो तांदूळ देवाला चालतो का, याचा विचार महाजनांनी करावा. जत्रेच्या रात्री पत्रावळी आणि उरलेला भात मागच्या परसात सकाळपर्यंत पडून न ठेवता त्याच रात्री पुरणे, पोती भिंतीपासून दूर आणि फळीवर ठेवणे, आणि कोठीचे दार खालून पत्र्याने मढविणे, एवढे कोणत्याही देवस्थानाला झेपण्यासारखे आहे.

आणि विष घातले नसताना घरात वा देवळात एकामागून एक उंदीर मेलेले आढळले, तर त्यांना हात लावू नये. आधी उंदीर मारावयास धावू नये. उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून आधी पिसवांवर औषध मारावे लागते. मुलांना त्या खोलीतून दूर न्यावे आणि जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात वर्दी द्यावी. वर्दी देताना शब्द शोधावे लागणार नाहीत. ते आपल्या पणज्यांनी तयार ठेवले आहेत.